सुदामकाकांची चार रिळं

तासगाव, २ जुलै २०२५

जयदेवदादा,

आई गेल्यावर तू पत्र पाठवलंस, त्याचं उत्तर आज लिहायला बसले आहे. रागावू नकोस. पावसाळा म्हणजे आमच्या रोपवाटिकेचा हंगाम. दिवसभर पिशव्या, माती आणि गिऱ्हाइकं. फोन केला होता, तो तुझ्या सुनेनं घेतला. म्हणाली, कंपनीतल्या कॉम्प्रेसरनं बाबांचे कान घेतले, समोर बसलेल्या माणसाचे ओठ बघून त्यांना कळतं, पण फोनवर काहीच कळत नाही. व्हॉट्सअॅपवर तर तू 'बरं' आणि 'हो' यांच्या पुढे जात नाहीस. तेव्हा पत्रच.

सोबत एक पत्र्याचा डबा पाठवते आहे. आईचं घर आवरताना माळ्यावर सापडला. आत फिल्मची चार छोटी रिळं आहेत, करंगळीच्या नखापेक्षाही अरुंद. झाकणाच्या आतल्या बाजूला उल्हासनगर कॅम्प दोनच्या कुठल्याशा फोटोच्या दुकानाचं लेबल आहे. माझ्या बाबांच्या हातात मी जन्मात कधी कॅमेरा पाहिला नाही. तुला आठवतात ना ते? सकाळी ओव्हरसीअरची खाकी पँट, संध्याकाळी पेपर, आणि मधे एक शब्द नाही.

सांगलीच्या फोटोवाल्याला दाखवली. तो म्हणाला, आंबूस वास येतोय, फिल्म आकसली आहे, प्रोजेक्टरवर लावलीत तर फाटेल. मग आठवलं, तू पत्रात लिहिलं होतंस की रिटायर झाल्यापासून घरातला जुना स्कॅनर उघडून बसतोस. त्यातून काही निघेल का रे?

मला आई बघायची आहे. तिचा तरुणपणीचा एकच फोटो आहे, लग्नातला, त्यातही मुंडावळ्यांआड अर्धा चेहरा. माझाही दोन वर्षांच्या आतला एकसुद्धा फोटो नाही. घर बदलताना ट्रंक भिजली, असं ती सांगायची. या डब्यात ती असेल असं मला सारखं वाटतंय.

आम्ही अंबरनाथ सोडलं तेव्हा मी पाच वर्षांची होते. शेजारच्या दादाकडे काहीही दुरुस्त होतं, एवढं मात्र पक्कं लक्षात आहे.

तुझी,
यशोधरा


पालेगाव, अंबरनाथ पूर्व
२० जुलै २०२५

प्रिय यशू,

डबा सुखरूप पोचला. खोटं कशाला सांगू, या वर्षात मला कुणी दिलेली ही सगळ्यात चांगली वस्तू आहे. रिटायर माणसाला चहा सगळे विचारतात, काम कुणी विचारत नाही.

तुझ्या रिळांसाठी मी आमच्या स्कॅनरचं झाकण काढून टाकलं. सून म्हणाली, "बाबा, तो चालू होता." म्हटलं, आता जास्त चालेल. हा जुना जाडजूड स्कॅनर आहे, नवे चपटे या कामाला निरुपयोगी. कागद स्कॅन करायचा तर उजेड खालून लागतो. फिल्मला तो वरून लागतो, आरपार जाणारा. म्हणून वरती दुधी अॅक्रिलिकचा तुकडा आणि त्यावर एलईडीचं पॅनल बसवलं. दोन्ही कॅम्प दोनमधल्या हरेशकडून आणली. त्याच्या वडिलांचं पूर्वी कॅमेऱ्यांचं दुकान होतं, आता तो दिवे आणि साइनबोर्डचं सामान विकतो.

मग स्कॅनर रुसला. सुरू होताना तो आपला स्वतःचा दिवा तपासतो, आणि तो दिसला नाही की पुढे सरकतच नाही. म्हणून त्याच्या दिव्याच्या वायरवर एक बटण लावलं: तपासून झालं की मी तो विझवतो आणि वरचा लावतो. पहिल्या चित्रावर आडवे पट्टेच पट्टे! एलईडी लुकलुकत होता, आपल्या डोळ्यांना दिसत नाही पण स्कॅनरला दिसतं. बॅटरीवर लावला, पट्टे गेले. मग फिल्म काचेला चिकटून इंद्रधनुष्याची कडी उमटायला लागली. कडेला पातळ पट्ट्या लावून तिला केसभर उचलली.

आता असं आहे, काचेवर मावेल एवढी पट्टी ठेवायची, स्कॅन करायची, पुढे ओढायची. कडेच्या भोकांवरून कॉम्प्युटर एकेक चौकट कापून ओळीत लावतो. एक पट्टी म्हणजे पडद्यावरचे चार-पाच सेकंद. सावकाश चाललंय, पण चाललंय.

पहिलं रीळ पेन ड्राइव्हवर पाठवतोय. रस्त्याचं काम आहे, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका आहेत, मागे चंदेरी किल्ल्याचा सुळका अगदी स्पष्ट. म्हणजे बदलापूरच्या पलीकडचा, बारवी धरणाच्या बाजूचा भाग. काका तेव्हा तिकडे कामावर होते. सुषमाकाकू यात नाहीत. पण अजून तीन रिळं आहेत.

तुझा,
जयदेवदादा


तासगाव, २९ जुलै २०२५

दादा,

तुला काय सांगू! आम्ही सगळे टीव्हीला पेन ड्राइव्ह लावून बसलो होतो. एका ठिकाणी मुकादमाच्या बाजूला जमिनीवर एक सावली पडली आहे, हातात काहीतरी धरलेल्या माणसाची. ते बाबा! मी ती जागा पुन्हा पुन्हा लावली. तुझे उपकार कसे फेडू?

शेवटी एक बाई दिसते, एका झोपडीच्या दारात, कडेवर मूल. क्षणभरच. बाबांनी कामावरच्या कुणाचं तरी घर दाखवलं असेल.

पुढची पाठव लवकर. आई निघेल बघ.

यशोधरा


पालेगाव, १४ ऑगस्ट २०२५

प्रिय यशू,

दुसरं आणि तिसरं रीळ पाठवत आहे. उशीर झाला, कारण तिसऱ्याची भोकं बरीच फाटली होती, आणि भोक नसलं की कॉम्प्युटरला चौकट कुठे कापायची ते कळत नाही. तेवढा भाग माझ्या नजरेनं कापला. धूळ फार आहे. मऊ ब्रशनं झाडून घेतो, तरी पांढरे ठिपके राहतात. रंग लालसर झालेत, त्यावर इलाज आहे, पण मी फार ढवळाढवळ केली नाही. नदी छान आली आहे. बैल छान आलेत.

काकू यातही नाहीत. मुख्यतः ती वाडी आणि तिथली माणसं आहेत. काकांचं तिथे जाणं-येणं असणार.

चौथं रीळ फार आकसलंय, त्याला वेळ लागेल. घाई करू नकोस.

पाऊस कसा आहे तिकडे? आमच्या टॉवरसमोरच्या शेतात अजून एक टॉवर येतोय.

तुझा,
जयदेवदादा


तासगाव, २४ ऑगस्ट २०२५

दादा,

एवढं लांब पत्र लिहिलंस, बैलांबद्दल लिहिलंस, आणि जे लिहायचं तेच टाळलंस. मी काय आंधळी आहे?

दोन्ही रिळांत तीच बाई आहे, पहिल्या रिळाच्या शेवटी होती ती. ती आणि ते मूल. मूल पालथं पडतंय, बसतंय, तिच्या बोटाला धरून उभं राहतंय. एकदा त्याच्याबरोबर टोपलीत वाडीतलं आणखी एक पोर आहे, पण कॅमेरा याच्यावरून हलत नाही. आणि ती कॅमेऱ्याकडे बघून हसते. असं परक्या साहेबाकडे बघून कुणी हसत नाही. ते मूल एकदा कॅमेऱ्याच्या दिशेनं दोन्ही हात पसरतं. दादा, त्या मुलाला बाबांची ओळख होती.

मी हिशेब मांडला. रस्त्याच्या कामावर ते होते ती दोन वर्षं म्हणजे माझ्या जन्माच्या वेळची. आई तेव्हा बरेच महिने माहेरी होती, एवढं मी ऐकलेलं आहे. का गेली होती, ते विचारलं की घरात सगळे गप्प. आता कळलं. दुसरं घर होतं बाबांचं. आणि त्या मुलाची त्यांनी तीन रिळं काढली. माझा एक फोटोसुद्धा नाही.

आईनं हा डबा जन्मभर माळ्यावर का ठेवला असेल? फेकून का दिला नाही?

चौथं रीळ करू नकोस. डबा परत पाठव, नाहीतर तिथेच कुठे टाकून दे. आणि कृपा करून कुणाला दाखवू नकोस. तुझी मेहनत वाया गेली, त्याबद्दल माफ कर.

यशोधरा


पालेगाव, २१ सप्टेंबर २०२५

प्रिय यशू,

तुझं पत्र वाचून मी डबा बांधून ठेवला होता. खरंच परत पाठवणार होतो. मलाही तेच वाटलं होतं जे तुला वाटलं, म्हणून तर बैलांबद्दल लिहिलं. मग जे झालं ते सगळं सांगतो. शेवटपर्यंत वाच.

हरेशचं दुधी अॅक्रिलिक उरलं होतं, ते परत द्यायला गेलो. पिशवीत डबाही होता, कुरिअरला द्यायचा म्हणून. त्यानं झाकण उघडून लेबल बघितलं आणि म्हणाला, "अरे भाऊ, हे तर आमच्या पप्पांच्या दुकानाचं लेबल! ही रिळं त्या ओव्हरसीअर साहेबांची तर नाही?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. नीट वाचलं की नाही, म्हणून परत बोलायला लावलं.

"पप्पा नेहमी सांगायचे ना. एक साहेब होते, त्यांची वाइफ हॉस्पिटलमध्ये. पप्पांनी त्यांना कॅमेरा वापरायला दिला होता, प्रोजेक्टरपण. ते शूटिंग करायचे, आणि हॉस्पिटलमध्ये जाऊन भिंतीवर वाइफला दाखवायचे. पप्पा बोलायचे, मी आयुष्यात पुष्कळ कॅमेरे विकले, पण कॅमेरा कशासाठी असतो ते त्या साहेबानं दाखवलं."

यशू, मग मी तुझं ऐकलं नाही. तिसऱ्या रिळातली एक चौकट मोठी करून छापली, फक्त त्या बाईचा चेहरा. मुलाचा भाग कापून टाकला, कुणाला दाखवू नकोस म्हणाली होतीस ना. बदलापूर गावात बाजाराच्या रस्त्याला वाड्यांवरच्या ठाकर बायका भाजी घेऊन बसतात. करटोली आणि काकड्या घेत घेत एकेकीला फोटो दाखवला. कुणी मान हलवली, कुणी हसल्या. एक म्हातारी मात्र फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "ही तर आमची बनू. तरणी बनू! तुला कुठं गावली रं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षानं गेलो, पुढे चालत. जुनी वाडी खाली होती. धरणाची उंची वाढली तेव्हा माणसं वर सरकली. बनूबाई घरासमोर भाताच्या कडेचं गवत काढत होती. सत्तरी ओलांडलेली, पण पाठ ताठ. तिचा मुलगा नाथा वांगणीला एका शेडमध्ये कामाला जातो, तो त्या दिवशी घरी होता. मी बोलायचो आणि ती काय म्हणते ते ओठांवरून कळलं नाही, तर नाथा समोर येऊन सावकाश परत सांगायचा.

मी म्हटलं, सुदाम ओव्हरसीअर आठवतात का? तिनं विळा खाली ठेवला.

"साहेबाची पोर कशी हाय?" तिनं विचारलं. "यशी?"

यशू, ते मूल तू आहेस.

तुझ्या जन्मानंतर महिन्याभरातच काकूंना क्षय झाल्याचं कळलं. दवाखान्यात ठेवलं आणि तान्ह्या पोरीला जवळ आणू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं. त्या काळी त्या रोगाचं नाव घ्यायला लोक घाबरायचे. दोन्हीकडच्या नातेवाइकांतलं कुणी तुला घ्यायला तयार होईना. वरचं दूध तुला पचेना. काका कामावर यायचे आणि रस्त्याच्या कडेला बसून राहायचे. बनूबाईचा नवरा वाळू त्यांच्या हाताखाली मोजणीची साखळी धरायचा. त्यानं घरी येऊन सांगितलं.

बनूबाईनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो, नाथानं दोनदा सांगितलं म्हणून नीट लक्षात आहे: "नाथा चार म्हयन्याचा व्हता. मला दूध लय व्हतं. वाळू म्हनला, साहेबाची पोर मरल. म्या म्हनलं, मंग आन की हिकडं. त्यात इचारायचं काय? साहेब घेऊन आला तवा टावेलात गुंडाळलेली, मांजरीच्या पिलावानी. रडायलाबी जीव नव्हता. एका अंगाला नाथा, एका अंगाला ती."

जवळजवळ दीड वर्ष तू तिथे होतीस. काका दर आठवड्याला यायचे, आणि काही महिन्यांनी तो कॅमेरा घेऊन यायला लागले. "डोळ्याला डबा लावायचा," ती म्हणाली. "म्हनायचा, बनूबाई, हिकडं बघून हास. तिच्या आईला कळू दे पोर चांगल्या हातात हाय. म्हनून मी हासायची."

म्हणून ती हसते, यशू. ती काकांकडे बघून हसत नव्हती. ती काकूंकडे बघून हसत होती.

काकू बऱ्या होऊन तुला न्यायला आल्या, तेव्हा तू त्यांच्याकडे जाईनास. किंचाळायला लागलीस. काकू अंगणात मटकन बसल्या. मग बनूबाई नाथाला घेऊन तुमच्याबरोबर अंबरनाथला आली आणि तू रुळेपर्यंत राहिली. मला आता अंधूक आठवतंय, तुमच्या स्वयंपाकघरात एक हिरव्या लुगड्यातली बाई होती, तिनं मला नाचणीची भाकरी दिली होती. मी आठ-नऊ वर्षांचा. काकू गावाहून आल्या, एवढंच आम्हाला सांगितलं होतं.

ती म्हणाली, "तुझी काकू मला म्हनाली, बनू, हिला मोठी झाल्यावर काय सांगू? लोकं रोगाचं नाव काढतील, पोरीचं लगीन व्हनार नाय. म्या म्हनलं, नको सांगू. मला काय, पोर जगली."

काकांची बदली झाली, वाडी हलली, आणि एकमेकांचा पत्ता राहिला नाही.

घरी येऊन मी चौथं रीळ केलं. तू नको म्हणाली होतीस, तरी केलं. आकसलेलं होतं, म्हणून प्रत्येक पट्टी वेगळी ताणून बसवावी लागली. त्यात काकू आहेत. दवाखान्याचा व्हरांडा, सकाळचं ऊन, लोखंडी खाट. फार बारीक झाल्या आहेत, पण केस विंचरलेले आणि कुंकू मोठं. त्या कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलत आहेत. आवाज अर्थात नाही. पण मला आता आवाज लागत नाही. मी त्यांचे ओठ वाचले. त्या म्हणतात, "यशू, मी येते हं. मी येते." दोनदा.

पेन ड्राइव्ह सोबत आहे. एकटीनं बघ, किंवा सगळ्यांबरोबर बघ, तुला वाटेल तसं.

तुझा,
जयदेवदादा


तासगाव, २८ सप्टेंबर २०२५

दादा,

काही लिहायला बसले की अक्षरं धुऊन जातात, हा तिसरा कागद आहे.

आई दिसली. ती बोलली. तू सांगितलं नसतंस तरी कदाचित कळलं असतं, पण तू सांगितलंस, आणि आता मला ते ऐकूच येतं.

बाबांना मी काय काय म्हटलं त्या पत्रात! ते फाडून टाक. एक शब्द न बोलणारा माणूस, म्हणून मी जन्मभर त्यांच्याबद्दल तक्रार केली. ते दीड वर्ष जंगलातून दवाखान्यात आणि दवाखान्यातून जंगलात मला पोचवत होते.

आणि बनूबाई जिवंत आहेत! हे मी मोठ्यानं म्हणून बघते. मला त्यांना भेटायचं आहे. काय घेऊन जाऊ, सांग. काय नेलं म्हणजे पुरेल? हे विचारायलाही लाज वाटते. आणि तू त्यांना रिळं दाखवलीस का? आधी त्यांना दाखव. त्यांचा हक्क माझ्याआधी आहे.

तू माझं ऐकलं नाहीस, त्याबद्दल देव तुझं भलं करो.

तुझी,
यशू


पालेगाव, ११ ऑक्टोबर २०२५

प्रिय यशू,

काल गेलो होतो, लॅपटॉप घेऊन. हरेशही आला. म्हणाला, पप्पा असते तर त्यांनी मला हाकललं असतं, जा म्हणून. नाथानं दार-खिडकी लावून घेतली, गोधडी टांगली, भर दुपारी घरात अंधार केला. शेजारचे सगळे दाटीवाटीनं बसले. बनूबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, तिला चांगलं दिसतं. तिला अगदी पुढे बसवलं.

ती स्वतःला बघून हसली. "कशी बारकी व्हती मी!" तुला आणि नाथाला एका टोपलीत बसवलेलं आहे, ते बघून तर घर दणाणलं. जुनी वाडी दिसली, तेव्हा म्हातारी माणसं बोटं दाखवून दाखवून नावं घेऊ लागली: हा कुणाचा गोठा, ते कुणाचं आंब्याचं झाड. ते सगळं आता पाण्याखाली आहे. पोरं विचारत होती, "आपलं घर कुठं होतं?" आणि कुणीतरी उठून पडद्यावर बोट ठेवत होतं.

मग तिसऱ्या रिळातला तो तुकडा आला. तुला आठवत असेल, एक तरुण माणूस खांद्यावर भाताचा भारा घेऊन बांधावरून येतो, कॅमेरा दिसल्यावर लाजतो आणि भारा चेहऱ्यापुढे ओढतो. मी तो शंभरदा पाहिला होता. कुणी मजूर असेल म्हणून सोडून दिला होता.

बनूबाई म्हणाली, "थांबव."

मी थांबवलं.

तो वाळू होता. नाथा शाळेत जायला लागायच्या आधीच तो तापानं गेला. त्याचा फोटो कधीच काढलेला नव्हता. नाथाला बापाचा चेहराच माहीत नव्हता, यशू. तो पन्नाशी ओलांडलेला माणूस पुढे आला आणि स्क्रीनसमोर उकिडवा बसून बघत राहिला. मग त्यानं आपल्या मुलाकडे बघितलं आणि परत स्क्रीनकडे. तेच नाक, तसेच पुढे आलेले कान.

बनूबाई म्हणाली, "माझे सगळे दात पडले, आन ह्यो बघ. माझ्या नातवाएवढा हाय." आणि पदर तोंडाला लावून हसली. रडलीही असेल, दोन्ही एकदमच होतं. मग मला म्हणाली, "परत चालव. चालताना दाखव."

मी किती वेळा चालवलं ते मोजलं नाही. दर वेळी तो बांधावरून यायचा आणि लाजायचा.

ती चौकट मी छापून, चौकटीत बसवून दिली आहे. हरेशनं काच बसवली. तू विचारलंस काय घेऊन जाऊ. मी नाथाला विचारलं. तो म्हणाला, "मला बहीण नाय. भाऊबीजेला येऊ दे तिला." एवढंच मागणं आहे.

दिवाळीत आम्ही नाशिकला सुनेच्या माहेरी जाणार आहोत, म्हणून मी नसेन. बरंच आहे. मी असतो तर सगळे माझ्याकडे तोंड करून सावकाश बोलत बसले असते. नाथा तुला घ्यायला बदलापूर स्टेशनला येईल.

खरं तर आभार मी तुझे मानायला हवेत. कान गेल्यावर मला वाटलं होतं, माणसांशी आपला संबंध आता कमी कमीच होत जाणार. तुझ्या डब्यानं मला एका अख्ख्या वाडीत नेऊन बसवलं.

तुझा,
जयदेवदादा


तासगाव, ३० ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,

नाशिकहून परतला असशील. घे, सगळं सांगते.

नाथादादानं मला स्टेशनवर लगेच ओळखलं. म्हणाला, तू साहेबासारखी चालतेस. वाडीवर पोचलो तर बनूआई दारात उभी होती. मी वाटेत ठरवून ठेवलं होतं, असं बोलीन, तसं बोलीन. पाया पडायला वाकले आणि तिथेच बसले. तिनं माझं डोकं दोन्ही हातांत धरून वास घेतला. हो, वास घेतला, तान्ह्या मुलाचा घेतात तसा. म्हणाली, "तीच हाय."

दुपारी नाथादादाला ओवाळलं. त्रेपन्न वर्षांच्या बाईची पहिली भाऊबीज! निरांजन नाथादादाच्या बायकोनं, वहिनीनं, लावून दिलं. ओवाळणी म्हणून त्यानं मला घरच्या भाताचे तांदूळ आणि एक कोंबडी दिली. कोंबडी घेऊन तासगावपर्यंत प्रवास कसा करू म्हणून ती तिथेच पाळायला ठेवली आहे, माझ्या नावानं.

मी तिला विचारलं, "मी गेल्यावर तुला कसं वाटलं होतं?" तिनं सरळ सांगितलं. म्हणाली, बरेच दिवस दूध उतरायचं, नाथा एकटा पिऊन संपवू शकायचा नाही. "पर तुझी आई त्या उन्हात अंगनात बसली व्हती ना, ते म्या बघितलं व्हतं. तिच्यापुढं माझं काय." मग आईबद्दल तिला माहीत असलेलं सगळं सांगत बसली. अंबरनाथच्या घरी त्या दोघी रात्री एकीकडे मला आणि एकीकडे नाथाला घेऊन झोपायच्या, आणि आई तिला विचारायची, हिला काय आवडतं, रडली की काय म्हणतेस, कुठलं गाणं म्हणतेस. ते गाणं आई मला म्हणायची, दादा. मला वाटायचं, तिच्या माहेरचं आहे.

आई गेल्याचं तुम्ही तिला सांगितलं नव्हतंत. मी सांगितलं. ती उठून आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. थोड्या वेळानं बाहेर आली ती धुतलेलं लुगडं नेसून आणि एक पिशवी भरून. म्हणाली, "चल."

"कुठे?"

"तुझ्या घरी."

नाथादादानं समजावलं, लांब आहे, गाडीचा त्रास होईल. तिनं ऐकलं नाही. तर ती आता इथे आहे! सहा दिवस झाले. सकाळी उठून रोपवाटिकेत फिरते. पाणी जास्त घालता म्हणून आमच्या माणसांना बोलते, आणि तिचं बरोबर असतं, नाहीतर चूक असतं, पण ऐकून सगळे घेतात. माझा नवरा तिला रोज नवीन झाड दाखवतो. काल तिनं माझ्या केसांना तेल लावलं आणि सांगितलं की माझे केस लहानपणी चांगले होते.

आज सकाळी कामावरच्या बायका चहाला बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनं मला विचारलं, "ताई, या आजी कोण हो तुमच्या?" काय सांगावं? दूधआई म्हणू, दाई म्हणू, की सरळ आई म्हणू? मी शब्द शोधत होते, तेवढ्यात बनूआईनंच उत्तर दिलं. गवत उपटता उपटता, मान वर न करता.

"हिची आई गेली ना," ती म्हणाली, "म्हनून मी आले."

दादा, तू आता इकडे ये. तिला तुझा चेहरा समोर हवा आहे. म्हणते, त्या बहिऱ्याशी बोलायला मला आवडतं, माझ्याकडं इतकं निरखून कुणी बघत नाय.

तुझी ऋणी,
यशू